बुधवारची हजेरी

१

अकरा वाजून चौदा मिनिटांनी मी मदत मागितली, असं सून म्हणत होती. असा संदेश आलाच नाही, असं केंद्राचं दप्तर म्हणत होतं. दोघांपैकी एक खोटं होतं. दप्तराला सासू नसते, त्यामुळे सगळ्यांनी दप्तरावर विश्वास ठेवला.

तातडीच्या मदत केंद्रात मी सव्वीस वर्षं कानाला हेडफोन लावून काढली. निवृत्त झाल्यावर सुटले असं वाटलं होतं, पण कुठे काय. केंद्राविरुद्ध तक्रार आली की चौकशीला मलाच बोलावतात, कारण मी कुणाची भीडभाड ठेवत नाही. तिथे सगळे मला मावशी म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि ते फारसं चुकीचं नाही.

"मावशी, प्रकरण अगदी साधं आहे," केंद्रप्रमुख म्हणाले. त्यावरूनच ते साधं नाही हे मी ओळखलं.

मागच्या बुधवारी सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात छाती धरून कोसळल्या. नात शाळेत, मुलगा जहाजावर नोकरीला. घरात सून एकटी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. घरीच बसून कपड्यांना रफू करते, गावभर तिला रफूवाली म्हणूनच ओळखतात. अशा लोकांसाठी केंद्राने तीन वर्षांपूर्वी मोबाइलवर एक अ‍ॅप दिलं. त्यात तीनच तयार वाक्यं आहेत: आग लागली आहे, घरात कुणी शिरलं आहे, माणूस कोसळलं आहे. हव्या त्या वाक्यावर बोट ठेवलं की नाव आणि पत्त्यासकट संदेश केंद्रातल्या संदेशमेजावर येतो.

"आणि तो आला नाही," प्रमुख म्हणाले. "दप्तरात पहिली नोंद अकरा एकोणचाळीसची. समोरच्या औषधवाल्याचा फोन. गाडी सात मिनिटांत दारात. पण डॉक्टरांनी लिहून दिलंय, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर बाई वाचल्या असत्या."

"तिच्या मोबाइलमध्ये काय आहे?"

"काही नाही. कोरा करकरीत. दोन वर्षं अ‍ॅप वापरतेय म्हणते, आणि पाठवलेला एकही संदेश त्यात नाही. आता बोला!"

हे गृहस्थ पहिल्यापासून संदेशमेजाच्या विरोधात होते. दिवसाला जेमतेम दोन संदेश येतात आणि एक माणूस अडकून पडतो, हे रडगाणं मी नोकरीत असतानाही ऐकलं होतं. मेज बंद करायला त्यांना निमित्तच हवं होतं.

बाहेर बाकावर रफूवालीची नणंद बसली होती. वयाने मोठी, म्हणून घरात सगळे तिला ताई म्हणत. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"माझी आई जमिनीवर तडफडत होती आणि ही बया सुई-दोरा घेऊन शेजारच्या खोलीत बसली असणार," ती म्हणाली. "ऐकू येत नाही, हा तिचा दोष नाही, मान्य. पण मग खोटं कशाला बोलायचं? ठकूला मी माझ्या घरी आणलंय. सात वर्षांची पोर आहे हो. उद्या तिला काही झालं तर ही काय करणार? पुन्हा म्हणेल, पाठवला होता संदेश!"

"मुलीचे वडील काय म्हणतात?"

"शनिवारी तुमचा अहवाल येऊ दे म्हणाला. संदेश गेला नसेल तर ठकू कायमची माझ्याकडे. भावाने तोंडी नाही, लिहून दिलंय."

२

रफूवालीकडे मी दुभाषी बाईंना घेऊन गेले. या बाई दर बुधवारी अकरा ते साडेअकरा ऐकू न येणाऱ्यांचा वर्ग घेतात. अ‍ॅप कसं वापरायचं ते त्याच शिकवतात. त्यांचे आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे खुणांची भाषा त्यांना बोलण्याच्याही आधी आली. संदेशमेज सुरू व्हावं म्हणून त्यांनी नऊ वर्षं केंद्राच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

घर दोन खोल्यांचं. बेल दाबली की आत दिवा उघडमीट करतो. रफूवाली खिडकीपाशी एका कोटावर वाकलेली होती. कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागा ओढून ती बाहीवरचं भोक भरत होती. मी दोनदा डोळे ताणले, पण भोक कुठे होतं ते सापडलं नाही. कोपऱ्यात लहान मुलीच्या चपला ओळीने लावलेल्या होत्या. त्या दिसल्या आणि मी घाईघाईने कागद काढले.

मी दुभाषी बाईंकडे बघून विचारायची, बाई हात हलवायच्या, रफूवालीचे हात चालायचे, आणि बाई मला सांगायच्या.

"ती म्हणते, त्या दिवशी आईंना सकाळपासून गरगरत होतं, म्हणून मी वर्गाला गेले नाही. आई पडल्या तेव्हा मी त्यांच्या समोरच होते. घड्याळात सव्वाअकराला एक मिनिट कमी होतं. मी तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं."

"मग?"

रफूवालीने बरंच काही सांगितलं. मध्येच तिने डाव्या तळहातावर उजव्या तर्जनीने एक छोटी आणि एक लांब रेघ ओढली. मग खिडकीवरच्या पाल्यासारख्या हिरव्या पडद्याकडे बोट केलं.

"ती म्हणते, मग मी आईंजवळ बसून राहिले," बाई म्हणाल्या.

"पंचवीस मिनिटं? शेजारी का नाही गेली?"

पुन्हा हात चालले. पुन्हा तळहातावर त्या दोन रेघा, या वेळी जरा जोरात. पुन्हा पडद्याकडे बोट. रफूवाली माझ्याकडे बघत होती आणि मी बाईंकडे.

"तिला वाटलं, मदत येतेय. कार्डावर तसंच लिहिलंय."

कार्ड भिंतीला चिकटवलेलं होतं. वर्गात प्रत्येकाला दिलेलं. त्यावर ठळक अक्षरांत होतं: तीनपैकी एकच वाक्य पाठवा, स्वतःचे शब्द लिहू नका. दार उघडं ठेवा. आजारी माणसाला सोडून जाऊ नका.

"हे कार्ड कुणी लिहिलं?"

"मीच," बाई म्हणाल्या. "घाबरल्यावर माणूस काहीबाही लिहितो, मग केंद्राला कळत नाही. म्हणून एकच साचा."

निघताना रफूवालीने माझी बाही धरली. ती बाईंकडे न बघता थेट मला काहीतरी सांगत होती. मला एक अक्षर कळलं नाही.

"आभार मानतेय," बाई म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

आभार मानणारा माणूस इतकी घट्ट बाही धरत नाही, एवढं मला खुणांची भाषा न येताही कळलं.

३

समोरचा औषधवाला बडबड्या निघाला. चौकशीला असा माणूस मिळाला तर निम्मं काम होतं.

"अहो, त्यांचं दार सताड उघडं होतं! एरवी कडी लावल्याशिवाय त्या बसत नाहीत. कुणी आत आलं तर चाहूल लागत नाही ना त्यांना. सव्वाअकराला मी शटर वर केलं, तेव्हाच म्हटलं, आज दार कसं उघडं?"

"ती दिसली तुम्हाला?"

"तेव्हा नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी धावत आल्या. एका हाताने मला ओढतायत, दुसऱ्या हातातला मोबाइल माझ्या नाकासमोर नाचवतायत. मी बघितलं, त्यावर काही नव्हतं. मग आत गेलो आणि माझ्या फोनवरून केंद्राला कळवलं."

ज्याला मदत बोलवायचीच नाही तो दार कशाला उघडं टाकेल? मला जरा बरं वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही.

केंद्रात संदेशमेजावर टकटक्या बसतो. खुर्चीला चाकं, कमरेखाली पायांत जोर नाही, आणि बोटांत इतका की तीन टेबलं पलीकडे कळफलक ऐकू येतो. कामाला चोख. त्याने चूक केली असेल हे मानायला माझं मन तयार नव्हतं, म्हणूनच मी त्याला जास्त टोचून विचारलं.

"मावशी, आईची शपथ, त्या पत्त्यावरून संदेश आला नाही. दप्तर मी चार वेळा चाळलं."

"अकरा ते साडेअकरा तू मेजावरच होतास?"

"बुधवारी अकरा वाजता मी हलूच शकत नाही. सरावाचा तास असतो ना. बाईंचा अख्खा वर्ग एकदम संदेश पाठवतो. कुणाच्या घरी आग, कुणाच्या घरी चोर, नुसता धुमाकूळ. मी एकेक बघून सरावाच्या खात्यात टाकतो. ते दप्तरात येत नाहीत आणि रात्री आपोआप पुसले जातात."

"सगळे वर्गातूनच आलेत हे कशावरून कळतं? पत्ता दिसतो ना?"

तो हसला. "त्या तासात पत्ता बंद असतो. पहिल्याच महिन्यात एकोणीस जणांनी एकदम 'आग लागली' पाठवलं आणि यंत्राने वर्गाच्या दारात तीन बंब उभे केले. साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. तेव्हापासून सरावाच्या तासाला फक्त नाव दिसतं."

प्रमुखांनी मेजाची सगळी फाइल माझ्यापुढे आणून टाकली. त्यात वर्गाच्या हजेरीच्या प्रती होत्या. दर गुरुवारी बाई एक प्रत केंद्राला पाठवतात, कुणी किती शिकलं याचा हिशेब राहावा म्हणून. मी त्या बुधवारचा कागद काढला. पटावर वीस नावं. नवव्या ओळीत रफूवाली.

तिच्या नावापुढे स्पष्ट लिहिलं होतं: हजर.

४

"बघा! मी सांगत नव्हते?" ताईने टेबलावर हात आपटला. ही बातमी तिच्यापर्यंत प्रमुखांनीच पोचवली होती, माझ्या आधी. "घरात नव्हतीच ती! आईला तशीच टाकून वर्गाला गेली होती. दार उघडं टाकून! परत आली तेव्हा आई..." ती रडू लागली, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

वर्गाची जागा रफूवालीच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. अकराला जायचं, अर्ध्यातून उठून साडेअकराला घरी, सगळं बसत होतं. उघडं दारही बसत होतं.

मी दुभाषी बाईंना गाठलं. वर्गात त्या फळा पुसत होत्या. हजेरीचा कागद बघून त्यांचा हात क्षणभर थांबला.

"अगंबाई, चूक झाली माझी," त्या म्हणाल्या. "ती आली नव्हती. हा बघा माझ्याकडचा मूळ पट." त्यांनी कपाटातून वही काढली. त्या बुधवारी, नवव्या ओळीत, 'गैरहजर' लिहिलं होतं. त्याच्या खाली पांढऱ्या शाईचा पातळ थर होता. "केंद्राची प्रत पाठवल्यावर लक्षात आलं, मग दुरुस्त केलं. एवढ्यावरून तिला दोष देऊ नका हो. बिचारी घरीच होती."

त्या रफूवालीची बाजू घेत होत्या. तिला वाचवत होत्या. मी आभार मानून बाहेर पडले, आणि गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेल्यावर थांबले. केंद्राला चुकीची प्रत गेली हे लक्षात आलं, तर माणूस केंद्राला कळवतो. वहीत पांढरी शाई लावून गप्प बसत नाही.

मी उलट पावली केंद्रात आले.

"टकटक्या, बाई हजेरी कशी घेतात? नावं पुकारतात?"

"कुणाला पुकारणार मावशी? ऐकू कुणाला येतंय?" तो म्हणाला. "आणि अर्धे उशिरा येतात. म्हणून हजेरी आमच्याकडूनच जाते. सरावाच्या तासात ज्या ज्या फोनवरून संदेश आला, त्या नावांची यादी यंत्र संध्याकाळी बाईंना धाडतं. त्यावरून त्या पट भरतात."

मी त्याच्या शेजारचं स्टूल ओढून बसले.

"आणि तू सरावाचा संदेश स्वीकारलास की त्यांच्या मोबाइलवर काय दिसतं?"

त्याने सरावाचा मोबाइल काढला, पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं, मग मेजावरची एक कळ दाबली. मोबाइलवरचं वाक्य पुसलं गेलं. त्या जागी मोठ्ठी खूण उमटली: बरोबरची खूण, एक छोटी रेघ आणि एक लांब. हिरवीगार. मिनिटभराने तीही पुसली गेली.

५

शनिवारी सकाळी मी रफूवालीकडे एकटी गेले. बरोबर फक्त एक वही आणि दोन पेनं.

मी लिहिलं: तुम्हाला लिहिता येतं का?

तिने वही ओढून घेतली. अक्षर तिच्या टाक्यांसारखंच बारीक आणि नेटकं होतं.

"दहावीला वर्गात पहिली आले होते. तुम्ही कुणी विचारलंच नाहीत."

मला लाज वाटली. सव्वीस वर्षं लोकांचं ऐकायचं काम केलं आणि या बाईसमोर तासभर बसून मी दुसरीचंच तोंड बघत होते. तसं मी वहीत लिहिलंसुद्धा. तिने वाचलं, मान हलवली आणि विषय बदलला. माफीसाठी तिच्याकडे वेळ नव्हता.

"तुमचा जबाब कुणी लिहिला?"

"मी लिहिला होता. बाई म्हणाल्या, भाषा नीट करून देते."

"त्यात काय होतं?"

तिने भराभर लिहिलं. संदेश पाठवला, लगेच हिरवी खूण आली. दर बुधवारी येते तशीच. म्हणजे केंद्राला मिळालं. दार उघडलं. आईंचं डोकं मांडीवर घेतलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पुन्हा पाठवला असता, पण हिरवी खूण आल्यावर पुन्हा पाठवायचा नाही असं शिकवलंय, उगाच दुसऱ्याची गाडी अडते. मग आईंचे ओठ निळे पडले, तेव्हा कार्डावरचा नियम मोडून धावले.

"खऱ्या संदेशाला हिरवी खूण येत नाही," मी लिहिलं. "गाडीचं चित्र येतं आणि खाली नंबर. संदेश पुसला जात नाही."

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग लिहिलं: "वर्गात हे कधी दाखवलं नाही."

कसं दाखवणार? ते चित्र उमटवायचं तर खरी गाडी सोडावी लागते. दोन वर्षं या माणसांनी फक्त सराव केला होता, आणि सरावातलं उत्तर हेच खरं उत्तर समजून बसली होती. त्यात त्यांची काय चूक?

"त्या दिवशी जाताना तुम्ही माझी बाही धरून काय सांगत होता?"

"हिरवी खूण सांगा, असं सांगत होते. बाई ती सांगत नव्हत्या. तुमच्या तोंडाकडे बघून मला कळत होतं."

मग तिने एक वाक्य लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. "माझं काय चुकलं?"

मी लिहिलं: काही नाही. कार्डावर होतं तसंच तुम्ही केलंत.

ते वाचून ती पहिल्यांदा रडली. तिच्या रडण्याला आवाज होता, तो तिला ऐकू येत नव्हता. मी वही मिटली. आता फक्त एकच माणूस उरला होता, आणि दुपारी तो माझ्यासमोर बसणार होता.

६

केंद्राच्या बैठकीच्या खोलीत लांब टेबल. एका बाजूला प्रमुख आणि टकटक्या, दुसऱ्या बाजूला ताई आणि दुभाषी बाई. भिंतीवरच्या पडद्यावर जहाजावरून नवरा. रफूवालीला मी माझ्या शेजारी बसवलं आणि जे बोलत होते ते तिच्या वहीत लिहीत गेले. त्यामुळे सगळं सावकाश चाललं. प्रमुखांनी दोनदा घड्याळात बघितलं, मी दोनदा दुर्लक्ष केलं.

"संदेश गेला होता," मी म्हणाले. "अकरा चौदाला, हिच्या घरातून, हिच्याच मोबाइलवरून."

"पुरावा?" प्रमुख म्हणाले.

"तुमच्याच फाइलमधला. हजेरी."

"त्यात तर ती वर्गात हजर आहे!" ताई म्हणाली.

"वर्गात माणसं किती हजर होती ते मी काल त्यांच्यापैकी चौघांना वहीवर विचारलं. एकोणीस. ही आली नव्हती, चौघांनीही लिहून दिलंय. पण हजेरी माणसं मोजून भरतच नाहीत. ती भरतात केंद्राने पाठवलेल्या यादीवरून, आणि यादीत वीस नावं होती. म्हणजे वर्गात नसलेल्या बाईच्या मोबाइलवरून सरावाच्या तासात एक संदेश आला. त्या मोबाइलने आणखी कुणी पाठवला म्हणाल, तर औषधवाल्याने तो हिच्याच हातात पाहिला. आणि औषधवाल्यानेच सव्वाअकराला दार उघडं पाहिलं. कार्डावर काय आहे? संदेश पाठवा, दार उघडं ठेवा. हिने तेच केलं, त्याच क्रमाने."

टकटक्याचे हात कळफलकाशिवायही कायम हलत असतात. ते आता मांडीवर पडून होते. "मी कळ दाबली," तो हळूच म्हणाला. "वीस नावं दिसली, वीसही ओळखीची. वीसही हिरवी केली. मीच तिचा संदेश..."

"तू नियमाप्रमाणे केलंस. पत्ता यंत्राने लपवला होता. तुझ्याजागी मी असते तर मीही तेच केलं असतं, म्हणून तर मला झोप लागली नाही," मी म्हणाले. "अपघात इथपर्यंत होता. त्यापुढचं अपघात नव्हे."

मी दुभाषी बाईंकडे वळले.

"बुधवारी संध्याकाळी यादी आली. ही वर्गाला आली नव्हती हे तुम्हाला माहीत होतं. घरून सराव केला असेल, असं समजून तुम्ही हजर लिहिलंत आणि प्रत पाठवून दिलीत. तोवर तुम्ही निर्दोष. मग म्हातारी कोसळल्याची वेळ कळली. तुम्हाला तेव्हाच उलगडा झाला, बाई. या गावात हिरव्या खुणेचा अर्थ तुमच्याइतका कुणाला कळतो? तुम्ही वहीत पांढरी शाई लावलीत, हिच्या जबाबातून ती खूण काढून टाकलीत, आणि माझ्यासमोर हिने दोनदा तळहातावर काढून दाखवली तेव्हा दोन्ही वेळा गिळलीत. केंद्रातली प्रत तेवढी तुमच्या हाती लागणारी नव्हती."

बाईंनी नाकारलं नाही. त्या ताठ बसल्या होत्या.

"साहेब काय करणार होते ते मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मेज बंद. नऊ वर्षं मी भांडले. माझे बाबा रात्रभर दारात पडून होते, आईने फोन उचलून धरला होता आणि पलीकडचा माणूस 'बोला, बोला' म्हणत होता. आता दोनशे माणसांकडे ते अ‍ॅप आहे. एका चुकीपायी ते सगळे पुन्हा तसेच झाले असते. मला वाटलं, आजी तर गेल्याच. परत येणार नाहीत."

"आणि पोर?" मी विचारलं.

"पोर आत्याकडे सुखातच राहिली असती."

मी एकही शब्द न गाळता हे सगळं वहीत उतरवलं. रफूवालीने शेवटपर्यंत वाचलं. बाईंनी घाईने हात उचलले, खुणांनी काहीतरी सांगू लागल्या. रफूवालीने मान फिरवली. खुणांच्या भाषेत समोरच्याला गप्प करायला तेवढं पुरतं. मग तिने वहीत लिहिलं आणि मी मोठ्याने वाचलं.

"वर्ग चालू ठेवा. माझ्यासारख्यांना दुसरं कोण शिकवणार? खरी गाडी बोलावून एकदा तरी खरं उत्तर दाखवा. पण यापुढे माझ्या वतीने बोलायचं नाही."

प्रमुख खाकरले. "अशा परिस्थितीत मेज चालू ठेवणं म्हणजे..."

"माझ्या अहवालात मेज बंद करा असं लिहिलेलं नाही," मी म्हणाले. "पत्ता बंद ठेवण्याच्या हुकमावर सही तुमची आहे, ते मात्र लिहिलंय."

त्यांनी पुढ्यातली फाइल मिटली.

पडद्यावर नवरा डोक्याला हात लावून बसला होता. "तिने मला सांगितलं होतं, ताई," तो म्हणाला. "व्हिडिओवर तीच खूण काढून दाखवली होती. मला वाटलं, एवढं मोठं केंद्र कशाला खोटं बोलेल?" मग तो बायकोकडे बघून मोडक्यातोडक्या खुणा करू लागला. ती बघत होती, पण उत्तर देत नव्हती. ते त्यांचं त्यांना निस्तरायचं होतं, चौकशीत ते येत नाही.

ताईच्या आईला वाचवायला वेळेत कुणी आलं नव्हतं, हे तर तसंच होतं. फक्त ज्या माणसावर दहा दिवस राग काढला होता, तो माणूस आता त्या रागाखाली उभा नव्हता. ताई उठून टेबलाला वळसा घालून आली. तिने तोंड उघडलं, मग काय लक्षात आलं कोण जाणे, तिने माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि वहिनीच्या वहीत स्वतः लिहिलं. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच तिला काही लिहिलं असावं. तिची अक्षरं वाकडीतिकडी पडत होती.

"माझं चुकलं. ठकूला उद्या सकाळी आणून सोडते."

रफूवालीने ती ओळ वाचली. पेन तिच्या हातातून काढून घेतलं आणि खाली एकच शब्द लिहिला, कागद फाटेल इतका दाबून.

"आत्ता."

ताईने पर्समधून मोबाइल काढला आणि घरी फोन लावला.